थर्माकोल

शाळेतून चिठ्ठी आली : ‘जगातील घरे’.
ऊर्वीच्या वाट्याला इग्लू.
खाली सूचना : माणूस एक, कुत्रे दोन,
पेंग्विन असल्यास उत्तम.
पेंग्विन पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहतात,
पण चिठ्ठीशी कोण वाद घालणार.

दिवाळ्याच्या जेट्टीवर फुटकी खोकी पडलेली असतात,
माशांची, थर्माकोलची.
चार उचलून आणली,
दोनदा साबणाने धुतली, एकदा लिंबाने.
कटरने विटा पाडायला बसले
तर त्या करकरीने मांजर माळ्यावर पळालं.

बाबा बघत होते.
चाळीस वर्षं होडीत बर्फ भरलाय त्यांनी,
लादी फोडायचा टोचा अजून दाराआड आहे.
म्हणाले, ‘एकावर एक सरल नको रचू, परल.
गोल फिरवीत वर ने,
आन परतेक वीट आतल्या अंगाला कलती ठेव.’
कुणी शिकवलं, विचारलं तर हसले :
‘बरफ काय आन वीट काय,
वजनाला वाट पायजे.’

ती झोपल्यावर मोबाईल घेऊन बसले.
कळलं ते असं :
इग्लू म्हणजे नुसतं घर. कसलंही.
लाकडाचं, दगडमातीचं,
देवमाशाच्या फासळ्यांवर शाकारलेलं.
बर्फाचंही, पण ते काही मुलखांतलं,
बहुतेकदा हिवाळ्यापुरतं, शिकारीच्या वाटेवरचं,
आम्ही होडीवर ताडपत्री ताणतो तसं.
उन्हाळ्यात कातड्याचे तंबू.
आणि आता
खांबांवर उभी घरं,
कारण खालची गोठलेली जमीन ढिली पडत चाललीय.
पाण्याला टँकर.
तीन खोल्यांत अकरा माणसं, भिंतीला बुरशी,
नव्या घरांच्या यादीत नंबर.

टँकर वाचून थांबले.
नंबर वाचून परत थांबले.
(साडेबारा टक्क्यांची बाबांची फाईल
कपाटात, साड्यांच्या खाली.)

एस्किमो हे नाव त्यांना दुसऱ्यांनी दिलेलं.
ते स्वतःला म्हणतात इनुइट.
म्हणजे माणसं.

गेल्या वर्षी याच शाळेत वेशभूषा होती.
पाम बीचच्या टॉवरमधली एक पोर कोळीण झालेली :
गुडघ्यापर्यंत लुगडं, प्लास्टिकची टोपली,
कमरेवर हात, ‘म्हावरं घ्या म्हावरं’.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
ऊर्वी त्या दिवशी अंतराळवीर होती,
डोक्यावर वीस लिटरच्या बाटलीचं हेल्मेट.
बाईंनी विचारलं, अगं, तू का नाही झालीस कोळीण?
हेल्मेटमधून आवाज आला :
‘मी आहेच.’

लुगडं मीही नेसते,
नारळी पुनवेला, आणि घरात हळद असली की.
एरवी वाशीच्या लॅबमध्ये
लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट टाईप करते.

तिकडे वर, उत्तरेला,
असेलच एखादी रिपोर्ट टाईप करणारी,
हीटर बंद पडलेला, मिस्त्री उद्या येतो म्हणालेला,
आणि तिच्या पोरीला चिठ्ठी : भारतातलं घर.
झोपडी एक, हत्ती एक,
साप असल्यास उत्तम.
ती कशाचा करत असेल हत्ती?

सकाळी पाहिलं तर
ऊर्वीने घुमटाशेजारी काड्यापेटीचा टँकर उभा केलेला.
माणूस नाही. कुत्रे नाहीत.
दाराशी दोन चपला, कागदाच्या, उलट्यापालट्या.

बाईंनी रुमाल नाकाला लावला.
‘छान. पण माणूस कुठंय?’
‘पाणी भरायला गेलाय.’
‘आणि हा वास?’
याचं उत्तर तिने दिलं नाही,
किंवा मला सांगितलं नाही.

दहापैकी सहा.
इग्लू आता फ्रिजवर ठेवलंय.
माळ्यावर पळालेलं मांजर
आजकाल त्याच्यातच झोपतं,
शेपूट तेवढी दाराबाहेर.